तासाबाहेर

११ जुलै
बाबांच्या पायाचं ऑपरेशन काल झालं. ऐन भाताच्या रोवणीत शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून पडले! परवा भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेतात का?" मी म्हणाले, "नाही." आई शेजारीच उभी होती.

१२ जुलै
सकाळपासून बाबा बरळताहेत. मला ओळखत नाहीत! हात थरथरतात. चादर मुठीत धरून बैल हाकताहेत — "हो, हो! बैल तासातून निंगून राहिला!" आमच्या कामठा गावात लोक थांबून बघतात, इतका बाबांच्या नांगराचा तास, मातीतली ती रेघ, सरळ. गावाहून आलेले शालिककाका म्हणाले, "बाहेरची बाधा हाय, घरी घेऊन चला." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं — डिलिरियम. कारण? "शोधतोय."

१३ जुलै
नर्सिंगला आहे आणि शब्द नीट माहीत नाही — शरम! दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत मोठा कोश काढला. मूळ लॅटिन. 'लिरा' म्हणजे नांगराचा तास, 'दे' म्हणजे त्यापासून दूर. तास सोडून गेलेला!

त्याच्याच खाली — डिलिरियम ट्रेमेन्स. ट्रेमेन्स म्हणजे थरथरणारा. रोजची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत होतो. जीवही जातो.

मला माहीत होतं! फवारणीच्या पंपामागची बाटली मी कधीच पाहिली होती. बाबांनी हात जोडले होते, "तुह्या आईले सांगू नको." आई गावच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष. भट्टीची मडकी तिनं स्वतः फोडलीत. तिच्यासमोर 'हो' कसं म्हणणार होते मी?

धावत वॉर्डात गेले. तिच्यासमोरच सांगितलं — "घेतात. रोज." डॉक्टर भडकले, "आधी तोंड उघडायला काय झालं होतं?" लगेच इंजेक्शन सुरू केलं.

१४ जुलै
झोपलेत. थरथर कमी. आई माझ्याशी बोलत नाही.

१५ जुलै
"रेणू, रोवणी झाली का वं?" — ओळखलं! रडूच फुटलं मला. बाहेर नळावर आईची माफी मागितली, इतके दिवस लपवलं म्हणून. ती डबा घासतच राहिली.

"माफी कायची? ते बाटली रोज पोत्यानं मीच झाकत होती. डॉक्टरनं इचारलं तवा मीबी चूपच राहिली."