पोरं कागललाच

३ जाने. १९९८, शनि.
डॉक्टरांनी आज गोळ्या बंद केल्या. टीबी गेला म्हणाले, आता पोरांजवळ झोपायला हरकत नाही. तिथंच रडू आलं. हे फौंड्रीतून अर्धी सुट्टी टाकून आलेले. स्टँडवर भजी घेतली, खाल्ली. उद्या कागलला सासूबाईंकडं. पिंकी-बाळूला आणायचंच. मला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा बाळूला नीट बोलताही येत नव्हतं. ओळखेल ना? झोप कसली लागतेय.

४ जाने., रवि.
रिकाम्या हातानं परत.
पाया पडायला वाकले तर सासूबाई दोन पावलं मागं सरकल्या. चहा दिला, माझा कप वेगळा.
आणि घोळ मीच घातला. दवाखान्यातली सवय, बोलताना तोंडावर पदर. बाळूला हाक मारली तीही पदराआडून. तो घाबरून आज्जीच्या लुगड्यात घुसला. सासूबाई म्हणाल्या, "बरी झालीस म्हंतीस आणि तूच त्वांड झाकून घेतीयास की. मी कुठल्या भरवशावर धाडू?"
पिंकी चौकट धरून बघत होती, जवळ आली नाही. हे आईपुढं खाली मान घालून. एसटीत ह्यांना सोडून मागच्या बाकावर बसले.

१८ जाने.
डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन हे एकटेच गेले. सासूबाई म्हणाल्या, कागदाला काय खोकला येतोय व्हय? पौर्णिमेला पोरांना नृसिंहवाडीला नेते, दत्ताच्या पायावर घालते, मग बघू. हे 'बरं' म्हणून आले. बरं!
त्यांना वाईट तरी कसं म्हणू. सासरे ह्याच रोगानं गेले. त्यांनाही दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बरे झाले असंच सगळे म्हणत होते.

१३ फेब्रु.
पौर्णिमा झाली. आता म्हणे शाळेचं वर्ष पुरं होऊ दे. वर्ष झालं की आणखी काही. तोवर बाळू मला विसरूनच जाईल. विसरलाच आहे.
वकिलांकडं गेलो. केस घालता येईल म्हणाले. पण जज्जसाहेब मुलीला विचारतील, कुणाकडं राहायचंय. ती काय सांगेल?
मला माहीत नाही. पोटची पोर, आणि मला माहीत नाही.
हे बाहेर बाकावर बसून राहिले. आईवर केस घालायची म्हणजे...

२२ फेब्रु., रवि.
आली! दोघंही आली!
हे आज आईपुढं पहिल्यांदा आवाज चढवून बोलले म्हणे. "पोरं माझी हायत. गुमान दे, न्हायतर कोर्टात यावं लागंल तुला." सासूबाईंनी पिंकीच्या वेण्या घातल्या, बाळूला टोपरं बांधलं, आणि म्हणाल्या, "दोन दिस ने. मंगळवारी मी येते न्यायला."
बाळू ह्यांच्या कुशीत झोपला. मी लांबूनच बघितलं. जवळ जायची भीती वाटते. आता काय कारण आहे भ्यायचं?

२३ फेब्रु., सोम.
सकाळी बाळूनं माझ्या हातनं दूधभाकरी खाल्ली. पदर कमरेला खोचून ठेवलाय, विसरून तोंडावर जायला नको.
पिंकीची पिशवी उघडली. दोघांचा एकेकच जोड. म्हटलं, एवढेच कपडे? तर म्हणाली, "आज्जी म्हणली, जास्त नगं. तुजी आई परत दवाखान्यात जाणारच हाय." त्यात खोच नव्हती. उद्या शाळेला सुट्टी हाय म्हणावं, तसं. मग म्हणाली, "कवा जाणार हाईस?"
मी म्हटलं, नाही जाणार बाळा.
"आज्जीचं खोटं नसतंय," म्हणाली.
हे म्हणतात, उद्या आई आली तरी पोरं द्यायची नाहीत, दारात बसली तरी. मी हो म्हटलं.
दुपारपासून घसा खवखवतोय. फोडणीचा ठसका असेल. ह्यांना सांगितलेलं नाही. पिंकी पलीकडं बसून माझ्याकडंच बघतेय.