पारशिवनीहून परत आलेली कांबळी

२१ जानेवारी १९६८
ठेकेदाराकडून कांबळी परत आली. पारशिवनीकडे कालव्याच्या कामावरच्या मजुरांसाठी भाड्यानं नेली होती. भाडं चोख. पण खरं काय गेलं ते गठ्ठा सोडल्यावर कळलं: अंगण गेलं, सौ.ची झोप गेली, रजया शिवायला येणाऱ्या अनसूयाबाईचं काम अडलं, आणि तोंडावर आलेल्या लग्नाच्या ऑर्डरचा अर्धा बिछाना हातचा गेला. शिवणीशिवणीत उवा. डोक्यातल्या नव्हेत, अंगावरच्या कपड्यात राहणाऱ्या.
अनसूयाबाई म्हणाली, "भाऊ, उकयून काढा सारी."
उकळली की लोकर आटते. पाहुणा पाय झाकेल तर डोकं उघडं. नको म्हटलं. हातानं वेचा. एका चटईवर बिछायतीचा धंदा उभा केला मी, मला लोकर शिकवू नका.

२३ जाने.
दोघी उन्हात बसून वेचून राहिल्या. अनसूयाबाई चिमटीत धरून घासलेटच्या डब्यात टाकते. सौ. नखावर नख, टचकन.
"अनसूये, तुले उवेचं भेव वाटते काय वं?"
"किळस येते, वहिनी."
"माह्याजवळून एक तरी सुटते का, पाह्य!"
अंगठा लाल, नखाजवळची कातडी सोलवटलेली, तरी थांबेना. मीच चहा नेऊन दिला. शाबासकीही दिली.

३० जाने.
सौ.ला कालपासून ताप. हुडहुडी, डोकं, पिंडऱ्या तुटतात म्हणते. डोळे लालभडक. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, हिवताप. कडू गोळ्या.

१ फेब्रु.
पानठेल्यावर ठेकेदाराचा ट्रक ड्रायव्हर. मी पाठ करून उभा, तो दुसऱ्याला सांगत होता. "साइटवर तापच ताप होता. दोन जण मेले, बाकी पळाले. मंग शेटनं कांबळी बांधून वापस केली."
वळलो. "मले काहून नाई सांगितलं?"
"तुमी इचारलं कुठं?"
पान तसंच थुंकलं. लोकांच्या दहा गोष्टी या कानांनी ऐकतो, हीच तेवढी उशिरा...

४ फेब्रु.
ताप उतरला! पहाटे घामानं गादी भिजली, अंग थंडगार. काडेचिराईताचा काढा, माझ्या हातचा. ती तोंड फिरवायची, मी नाक दाबून पाजला. डॉक्टर हिवताप हिवताप करत बसले, काम चुलीवरच्या पातेल्यानं केलं. पानठेल्यावर चार जणांना हे सांगितलं आणि वर तर्री-पोहे खाऊ घातले. शेजारी आगलावे (गुरांचे डॉक्टर, पत्त्यातला माझा भिडू) म्हणाले, "माणसाचा दवाखाना खोल गा आता."

१३ फेब्रु.
पुन्हा ताप. तसाच. बरी होती, काल भाकरी थापली, अनसूयाबाईला चिडवलं. आज पांढऱ्या डोळ्यांत पिवळेपणा, नाकातून रक्त. काढा केला. ओकली.
आगलावे बघायला आले. "मागचा ताप कसा उतरला? हळूहळू का एकदम?"
"एकदम."
"ताप चढला असतानी कोणी रक्त पाह्यलं?"
कोणी नाही. बोट टोचून काचेवर थेंब घेऊन गेले. गुरांच्या दवाखान्यात जंतू पाहायची दुर्बीण आहे.

१४ फेब्रु.
आगलावे सकाळीच दारात. हसत नव्हते. रक्तात स्क्रूसारखे पिळाचे जंतू आहेत.
"कोंबड्यांच्या रक्तात असेच दिसतात, दादाराव. कोंबडीले गोचिडीनं होते. माणसाले उवेनं."
"चावून?"
"चावून नाई गा. ऊ फुटली का आतलं बाहेर येते. कातडी सोललेली असली का तिथून आत." मग विचारलं, "मारल्या कशा तुमी?"
सौ. खाटेवरून म्हणाली, "नखानं." हात वर करून दाखवला. अजून थोडा रुबाब होता त्यात.
अनसूयाबाई दारात उभी, धडधाकट. घासलेटवाली.
मोठ्या दवाखान्यात भरती केली. काच सोबत नेली. तिथल्या डॉक्टरनी आधी विचारलं, कोणी काढली? गुरांच्या डॉक्टरनी, म्हटलं. दुर्बिणीतून पाहिल्यावर पुढं काही विचारलं नाही.
लग्नवाल्यांना कांबळी नाहीत म्हणून निरोप. सगळी हंड्यात उकळायला टाकली. आटू देत.

१५ फेब्रु.
दुपारी सुई दिली. सांगून ठेवलं होतं, जंतू मरताना आधी थंडी वाढेल, जपा. वाढली. लोखंडी खाट वाजत होती. दात वाजत होते. म्हणाली, "अवो, एखादं कांबळं टाका ना अंगावर."
बिछायतवाल्याची बायको. माझा कोट टाकला, वर दवाखान्याची पातळ चादर. नर्स नाडी धरून बसलीय, माझ्याकडे बघत नाही.
डॉक्टर आले तेव्हा विचारलं, मागच्या वेळी काढ्यानं उतरला होता, आता देऊ का?
म्हणाले, या आजारात पहिला ताप आपला आपणच उतरतो. काही दिलं नसतं तरी उतरला असता.