बावीस पानी अपील

८ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.४०

वायपरखाली पिवळा कागद. दीडशे दिरहम. कारण : तिकीट न काढता पार्किंग.

ड्रायव्हिंग टेस्ट मी पाचव्या खेपेला पास झाले, पण दंड आयुष्यात पहिला. कागद शांतपणे काढला. कागदाबरोबर वायपरही आला. गाडी जुनी झालीय, बाबांना सांगायला हवं.

प्रकरण अगदी सरळ आहे. दुबईत ऊद मेथाच्या शाळेत मी ॲडमिशनच्या काउंटरला बसते. आज शाळेमागच्या खासगी पार्किंगमध्ये गाडी लावली. मशीन बंद. तिथल्या अटेंडंटला हिंदीत विचारलं, पैसे कुठे भरू? त्याने हात हलवला आणि म्हणाला, खलास. खलास म्हणजे झालं, मिटलं, जा आता. इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी गेले.

आई म्हणाली, दीडशे म्हणजे साडेतीन हजार रुपये झाले गं बाई. बाबा म्हणाले, चौदा दिवसांत भरले तर अर्धेच घेतात, भरून टाक समू, कशाला डोक्याला ताप. बाबा वीस वर्षं साइटवर स्टोअरकीपर आहेत. त्यांना अन्याय पचतो. मला पचत नाही. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. टीवायला माझा प्रोजेक्ट होता, ‘अहिंसक प्रतिकार आणि सामान्य नागरिक’. शंभरपैकी सत्त्याऐंशी.

निश्चय : पैसे भरणार नाही. आवाज चढवणार नाही. कोणावर हात उचलणार नाही. (तिसरं लिहायची गरज नव्हती. पण निश्चय तीन असले की बरे दिसतात.)

९ सप्टेंबर, मंगळवार

पार्किंगच्या कंपनीकडे अपील केलं. अकरा मिनिटांत फेटाळलं. अकरा मिनिटांत माझा ईमेल वाचूनसुद्धा होत नाही.

उत्तराची प्रिंट काढताना ऑफिसच्या प्रिंटरने कागद गिळला. त्याला पायाने थोडं समजावलं. ट्रेचा तुकडा उडून कॅमिलाच्या खुर्चीखाली गेला. कॅमिला वसईची, अकाउंट्सला असते. म्हणाली, काय गं अहिंसा, प्रिंटर इंग्रज होता काय?

मी तुकडा उचलून परत बसवला. संयम.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : समाधान न झाल्यास स्वतंत्र अपील सेवेकडे जाता येईल. दोन्ही बाजूंचे पुरावे पाहून ते निकाल देतात आणि कंपनीला तो मानावाच लागतो. ही ओळ कोणी वाचू नये म्हणूनच बारीक छापलीय. मी वाचली. शिक्षणाचा उपयोग तो हाच.

११ सप्टेंबर, गुरुवार

अटेंडंटला भेटले. नाव दौलत. मंडणगडचा! एवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांशी हिंदीत बोलत होतो. चाळिशीचा, सडपातळ, उन्हाने पार करपलेला. मला ताई म्हणतो.

त्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणाला, ताई, मी म्हणालो मशीन खलास. आपल्याकडे बॅटरी खलास, डिझेल खलास म्हणतात ना, तसं. ॲपवर भरा, असं पुढं सांगणार होतो. तुम्ही थांबलात कुठं? मी बोलेपर्यंत तुम्ही शाळेच्या गेटात.

म्हणजे मी ऐकलं ते अरबी खलास आणि तो बोलला ते मंडणगडचं खलास. भाषाशास्त्राच्या दृष्टीने रोचक आहे. अपिलात यातलं काही घालणार नाही. कागदावर शब्द एकच दिसतो.

मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, माझं नाव तेवढं कुठं घालू नका. तीस तारखेला काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. मुलगी यंदा बारावीला आहे. मी म्हटलं, दौलतभाऊ, घाबरलात की संपलात. तो म्हणाला, म्हणून तर घाबरतोय.

निघताना मशीन बंद असल्याचा व्हिडिओ घ्यायचं ठरवलं. बंदच आहे हे स्पष्ट दिसावं म्हणून सँडलने दोन-चारदा टकटक केली. चौथ्या फटक्याला स्क्रीन लागला आणि ‘वेलकम’ आलं. आता पुरावाच गेला. म्हणून तो परत बंद होईपर्यंत मारावं लागलं. काच तडकली. दौलत डोकं धरून मागे उभा होता. मी त्याला म्हटलं, काळजी करू नका, हे तुमच्याचसाठी चाललंय.

१४ सप्टेंबर, रविवार

अपील पाठवलं. बावीस पानं. प्रस्तावना, पार्श्वभूमी, खलास शब्दाचा सामाजिक अर्थ, निष्कर्ष.

दौलतच्या नावाचा पुष्कळ विचार केला. आधी नुसतं ‘अटेंडंट’ लिहिलं. वाचताना फार लेचंपेचं वाटलं. साक्षीदाराला नाव हवं, चेहरा हवा. शेवटी पूर्ण नाव घातलं, बॅज नंबरसकट. फोटोही. एकदा निकाल लागला की त्याला अभिमानच वाटेल. शोषितांना आपला आवाज कुठे असतो ते कळत नाही, कोणीतरी दाखवावा लागतो.

शिवाय मागणी केली की कंपनीने ८ तारखेपासूनचं संपूर्ण सीसीटीव्ही फुटेज द्यावं. संपूर्ण शब्दाखाली दोन रेघा मारल्या. आता पळतील कुठे?

आई म्हणाली, मिक्सरचं भांडं कोणी फोडलं? मी म्हटलं, विचार करताना हातातून निसटलं. भिंत मध्ये आली.

१८ सप्टेंबर, गुरुवार. रात्री ९

घडलं तसं लिहून ठेवते.

पार्किंगवर गेले तर सुपरवायझर ॲम्ब्रोजने दौलतची कॉलर धरली होती. व्हॅनला दाबून त्याला विचारत होता, तिला खलास बोललास? बोललास की नाही? मशीन तिने फोडलं तेव्हा फोन का केला नाहीस? दौलत नुसता सर, सर करत होता. त्याचं डोकं व्हॅनच्या दारावर एकदा आपटलं. दुसऱ्यांदा मुद्दाम आपटलं.

हे मी उभं राहून बघायचं? अहिंसा म्हणजे भ्याडपणा नव्हे, प्रोजेक्टच्या पान नऊवर आहे. मी मध्ये पडले. हातात अपिलाची फाइल होती, जाड पुठ्ठ्याची, कडेला लोखंडी पट्टी. ॲम्ब्रोजवर उगारली. तो खाली वाकला. मागे दौलत होता.

भुवई फाटली. केवढं रक्त! फाइलवर, व्हॅनवर, माझ्या बाहीवर. ॲम्ब्रोज ओरडला, ए बाई, येडी झाली काय? मी ओरडले, थांब, तुला खलास करते! म्हणजे, तुझा विषय खलास करते. संदर्भाने कोणालाही कळावं. तो फोन काढून मागे मागे सरकत गेला.

दौलतला मीच क्लिनिकमध्ये नेलं. तीन टाके. भूल देण्याआधी तो म्हणाला, ताई, आता तरी अपील मागं घ्या. वेदनेत माणूस काहीही बोलतो.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, पोलीस केस झाली तर तू जेलमध्ये आणि आपण सगळे विमानात. समू, तुला कळतंय का तू काय केलंस? मी म्हटलं, बाबा, तो हात हिंसेविरुद्ध उचलला होता.

२४ सप्टेंबर, बुधवार

कंपनीचे पुरावे आले. तीन क्लिप. आवाज नाही.

पहिलीत दौलत हात हलवतो. ‘झालं, जा’ हे स्वच्छ दिसतं. कॅमिलाला दाखवली. ती म्हणाली, माशी हाकलतोय.

दुसरीत मी आणि मशीन. मला चार-पाच फटके आठवतात. कंपनीने एकोणीस मोजलेत. काहींच्या वेळी माझे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत. कॅमेऱ्याचा अँगल चुकीचा आहे. कॅमिलाने ही क्लिप तीनदा बघितली आणि रुमाल तोंडात घातला.

तिसरी मी पूर्ण बघितली नाही. आवाज नसला की साध्या गोष्टी फार क्रूर दिसतात.

घरी बाबांनी तिन्ही बघितल्या. मग जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. वीस वर्षांत बाबांनी चमचासुद्धा आपटला नव्हता. आमटी कॅलेंडरवरून ओघळत होती आणि आई म्हणत होती, राहू दे, मी पुसते, राहू दे.

कारण मागाहून कळलं. बाबांच्या कानावर आलं होतं : ॲम्ब्रोजने दौलतसमोर दोन कागद ठेवलेत. एक माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार, दुसरा काँट्रॅक्ट. पहिल्यावर सही केली तर दुसरा मिळेल.

बाबा लगेच दौलतच्या रूमवर गेले. आठ जणांची खोली, म्हणाले. तासाभराने आले. दौलत म्हणाला होता, सोमनाथदादा, पोरीच्या जातीला जेलात घालून मी माझ्या पोरीची फी भरू काय? सही करणार नाही.

हे ऐकून मी थक्क झाले. पंधरा दिवसांत त्याच्यात केवढा बदल! विचारांची लागण होते ती अशी. बाबांना तसं म्हटलं. ते उठून बाल्कनीत गेले.

३० सप्टेंबर, मंगळवार

काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. दौलतला दहा तारखेचं तिकीट दिलंय.

संतापाने अंग नुसतं पेटलंय. त्या कंपनीचा एकेक बोर्ड उपटून एकेकाच्या टाळक्यात घालावा असं वाटतंय. बोर्ड बघून आले, सिमेंटमध्ये पक्का आहे. एक किंचित वाकला.

आता शांतपणे, कायदेशीर. दौलतच्या वतीने दुसरं अपील लिहायला घेतलं. चाळीस पानं तरी होतील. त्याला फोन करून आनंदाची बातमी दिली. तो म्हणाला, ताई, तुमच्या पाया पडतो, आता काही लिहू नका. शेवटचा पगार अडकलाय.

तरी प्रस्तावना पूर्ण करत होते. बाबा आले आणि त्यांनी लॅपटॉप खाडकन बंद केला. माझी बोटं आत होती. मी किंचाळले. ते म्हणाले, लागलं? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मग आता बस.

दोन नखं काळी झालीत. डाव्या हाताने लिहितेय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल! जिंकले!! दंड रद्द!!!

ऑफिसात टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की काचेला चीर गेली. त्याच हाताने. डोळ्यांपुढे तारे. कॅमिला म्हणाली, अभिनंदन, आता फर्निचरचंही अपील कर.

निकाल सावकाश वाचायला दुपारी बसले. अर्धं पान आहे.

लिहिलंय की, कंपनीने सादर केलेल्या मशीनच्या रजिस्टरमध्ये ८ सप्टेंबर, सकाळी ७.१०ची नोंद आहे : मशीन बंद, ऑफिसला कळवलं, सही दौलत. पैसे भरायचा दुसरा मार्ग सांगणारा बोर्ड तिथे असल्याचं कंपनीला दाखवता आलं नाही. मशीन बंद एवढं एकच कारण चार्ज रद्द करायला पुरेसं आहे. अपीलकर्तीचे इतर मुद्दे, साक्षीदाराचा कथित शब्द आणि त्याचा अर्थ यांत जाण्याची गरज भासली नाही.

पुन्हा वाचलं. इतर मुद्दे म्हणजे साडेएकवीस पानं. ‘मशीन बंद होतं’ हे माझ्या अपिलात पान चारवर आहे, एका ओळीत.

साक्षीदार लागलाच नाही. नाव लागलं नाही, फोटो लागला नाही, फुटेज लागलं नाही. त्या दिवशी सकाळी सातला त्याने आपलं काम नीट केलं होतं, तेवढंच लागलं.

बाबांना निकाल दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. मी ‘बघा’ म्हणाले नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दौलतला शारजा एअरपोर्टला सोडायला गेलो. गाडी मी चालवली. बाबा आणि तो मागे. वाटेत दोघं मंडणगडला यंदा भात कसा आहे ते बोलत होते.

उतरताना त्याने विचारलं, ताई, निकालाचं काय झालं? सांगितलं. तो मनापासून हसला. म्हणाला, बरं झालं, कोणाचं तरी काम झालं. टाके काढलेत. भुवईत मधोमध केस नाहीत, तिथे आता येणारही नाहीत. घरी काय सांगणार, विचारलं. म्हणाला, बाथरूममध्ये घसरलो. बायको विश्वास ठेवते.

मी माफीचं लिहून नेलं होतं. दीड पान. पर्समधून काढलं. म्हटलं, दौलतभाऊ, मी... तेवढ्यात त्याने बॅग उचलली, तिचा पट्टा तुटला, बाबांनी दोरी शोधली, दोघांनी मिळून बांधली. मग तो नमस्कार करून आत गेला. दार आपोआप लागलं.

गाडीत येऊन बसलो. बाबांनी विचारलं, पार्किंगचे पैसे भरलेस ना? म्हटलं, हो, आधीच भरले. दोन तासांचे.

वीस मिनिटंच झाली होती. बाबा निघ म्हणाले नाहीत. मीही गाडी सुरू केली नाही.