आठ मशिनींचा बूस्ट

१२ जाने., सोम.
आज पुन्हा. विहाराच्या अभ्यासिकेत तीनला सराव पेपर सुरू झाला आणि लगेच इन्व्हर्टर शिट्टी मारून बसला. आठही मशिनी बंद. हा तिसरा पेपर. दोन ते पाच लाईट नसते, पोरांना वेळ तेव्हाच, म्हणजे सगळा भार इन्व्हर्टरवर. सोनवणे काका (रिटायर हेडमास्तर, अभ्यासिका तेच बघतात) सगळ्यांसमोर म्हणाले, मिलिंदा, कॉलेजात लॅब तूच सांभाळतोस ना? मग हे बघ की. बघतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

१५ जाने.
कारण सापडलं. काम पडलं की प्रोसेसर थोडा वेळ नेमून दिलेल्या वेगाच्या वर पळतो. बूस्ट. तेवढा वेळ वीजही जास्त ओढतो. एका मशिनीनं काही होत नाही. पण आठ जण एकाच क्षणी पेपर उघडतात, आठ बूस्ट एकदम लागतात, आणि इन्व्हर्टर मान टाकतो.
मग बूस्ट बंद करायचा. सोपं. बायॉसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड, तो मशिनी देणगी देणाऱ्यांनाही आठवत नाही. हातानं कमांड दिली, बंद झाला. पण मशिनींवरच्या लिनक्समधलं वीज सांभाळणारं टूल प्रोफाइल (वीज वाचवायची की वेग द्यायचा, ते ठरवणारी सेटिंग) बदललं की माझं केलेलं पुसून टाकतं. आणि त्याच्या सेटिंगमध्ये बूस्टला जागाच नाही. बॅटरीला आहे, पंख्याला आहे, स्क्रीनला आहे. बूस्टला नाही. लोक कधीपासून मागतायत, कुणी हात लावलेला नाही.
मी लावतो.

१८ जाने., रवि.
सकाळपासून कोड. वाटलं होतं चार ओळी. चार ओळींच्या मागं चाळीस. साधना दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही गार. तिसऱ्यांदा म्हणाली, घरचा नळ गळायलाय महिन्याभरापासून, आन् तुमी जगाचं टूल नीट करायलात.
तिचं खरं आहे. पण शेचाळीस वर्षांत माझ्या हातचं कुठं काही कामी आलेलं नाही. हे घेतलं गेलं तर कुठल्या कुठल्या देशातल्या मशिनींत माझ्या ओळी चालतील. हे कुणाला बोलणार नाही.

२१ जाने.
माझ्या लॅपटॉपवर चाललं. एकदम चोख. टूल सांभाळणाऱ्या मेंटेनरला पॅच, म्हणजे माझ्या बदललेल्या ओळी, पाठवला (कुठला आहे माहीत नाही, आपल्या रात्री उत्तरं देतो). धीर धरवेना म्हणून तोच अभ्यासिकेतल्या आठही मशिनींवर टाकला. उद्या पेपर. पोरांना सांगितलं, बिनघोर बसा.

२२ जाने.
लिहावंसं वाटत नाही.
तीनला आठही सुरू झाल्या. शिट्टी नाही. पोरं माझ्याकडं बघून हसली, काकांनी पाठीवर थाप मारली. पावणेचारला पेपरचा दुसरा भाग सगळ्यांचा एकदम उघडतो. उघडला. शिट्टी. अंधार.
शेवटच्या मशिनीवर वैशाली होती. आई-बाप ऊसतोडीला पश्चिमेकडं गेलेत, गावात दोन भावंडं हिच्याच जिवावर. बावीस फेब्रुवारीला हिची खरी परीक्षा. रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, माझे अठ्ठावन्न प्रश्न झालते. तुमी म्हनले बिनघोर बसा, म्हनून मी बसले."
काका बाहेर घेऊन गेले. यापुढं मशिनींना हात लावू नकोस म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

२४ जाने.
मेंटेनरचं उत्तर. दोन ओळी. बूस्टचा खटका सगळ्या प्रोसेसरांत सारखा नसतो. एका जातीत एक म्हणजे चालू, दुसऱ्या जातीत एक म्हणजे बंद. मी सगळीकडं शून्य लिहिलं. आठपैकी तीन मशिनी माझ्या लॅपटॉपच्या जातीच्या, पाच दुसऱ्या. पाचांत बूस्ट बंद झालाच नव्हता. तीनला भरल्या बॅटरीवर कसंबसं निभावलं, पावणेचारला नाही.
कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कागदपत्रांत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. पहिल्याच पानावर! गाढव मी. आठ मशिनी हाताशी असून एकाच लॅपटॉपवर तपासलं.

२८ जाने.
आज अभ्यासिकेत नुसता बसायला गेलो. पेपर सुरळीत पार पडला. बूस्ट चालू, माझा पॅच काढलेला, तरी सुरळीत. कसं म्हणून विचारलं. वैशालीची युक्ती. सगळ्यांनी एकदम सुरू करायचंच नाही. पहिल्यानं केलं की तीन मिनिटांनी दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. दुसरा भागही आपोआप मागंपुढं उघडतो. बस. ना कोड, ना टूल.
काका म्हणाले, पोरीनं फुकटात केलं बघ.
मी हसलो. आतून पेटलो होतो. पंधरा दिवस डोकं फोडलं त्याची किंमत आठ खुर्च्यांच्या ओळीइतकी. बारावी झालेल्या पोरीवर चिडलो, हे लिहितानाही लाज वाटते. पण चिडलो होतो.

३ फेब्रु.
मेंटेनरचा पुन्हा निरोप. खटक्याचं दुरुस्त करून पाठवणार का? आणि हे नक्की कुणाला लागतं, तेही लिहा म्हणाला. काय लिहू? कुणालाच लागत नाही म्हणून लिहू?
उत्तर दिलं नाही. नळ दुरुस्त केला. साधनाकडून चहा गरम मिळाला.

१० फेब्रु.
अजून उत्तर दिलेलं नाही. लॅबमध्ये प्रॅक्टिकलं. पोरं, वायरी, हजेरी. कोड उघडून पाहिला नाही. असंच राहू दे.

१६ फेब्रु., सोम.
काकांनी मार्कांची वही जुळवायला बोलावलं. (वही चालते, मशीन नाही.) वैशालीचे मार्क बघितले. पहिल्या भागात सगळ्यांच्या वर. दुसऱ्यात निम्मे. प्रत्येक पेपरात तेच. मला वाटलं गणित कच्चं असेल. मग तिच्या उत्तरांची यादी उघडली. केलेले सगळे बरोबर. शेवटचे पंधरा-वीस कोरेच.
बाकीच्या पोरींना विचारलं. तिच्या गावाकडची एसटी पावणेपाचला, नंतरची सातला. लहान भावंडं घरी, सातची चालत नाही. तीनच्या आधी मशिनींवर टायपिंगची बॅच, म्हणून लवकर बसता येत नाही. मागंपुढं सुरू करायचं ठरलं तेव्हा शेवटी बसायला कुणी तयार नव्हतं. युक्ती माझी, तर मी बसते, असं वैशाली म्हणाली. म्हणजे हिचा पेपर सुरू तीन एकवीसला, संपणार चार एक्कावन्नला. दर पेपराला साडेचारला उठून जाते.
नंबर बदलून घ्यायचा ना, असं मी तिला म्हणालो. तर म्हणे, "सगळ्यांचं नीट चालायलंय ना सर, कशाला पुन्हा घोळ."
आणि मी वीस दिवस फुगून बसलो होतो. दुरुस्ती एका संध्याकाळची होती.

१७ फेब्रु.
झाली दुरुस्ती. आधी प्रोसेसरची जात ओळखायची, मग खटका. खटका लिहिल्यावर परत वाचून तो नीट बसला का तेही तपासतं. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन्ही जातींच्या मशिनींवर दिवसभर पळवलं. टूल बंद करून, चालू करून, मशीन झोपवून, उठवून. प्रोफाइल बदललं तरी बूस्ट बंदच राहतो.
मेंटेनरला पाठवलं. कुणाला लागतं या रकान्यात लिहिलं: माझ्या गावात एका मुलीला, पावणेपाचच्या बसच्या आधी.

१८ फेब्रु.
उत्तर आलं. कोड ठीक दिसतो, पण आणखी दोघांनी तपासल्याशिवाय घेणार नाही, आणि घेतला तरी पुढच्या आवृत्तीत. ती उन्हाळ्यात. वैशालीची परीक्षा चार दिवसांवर, हा म्हणतो उन्हाळ्यात! लॅपटॉप फेकून द्यावासा वाटला. त्याचं बरोबर आहे, म्हणून आणखी वाटला. न तपासलेलं टाकून काय होतं ते मी करून दाखवलंच आहे.

१९ फेब्रु.
काकांकडं गेलो. सगळं सांगितलं, मार्कांचंही. त्यांनाही कोरे प्रश्न दिसले नव्हते. मग म्हणाले, "मला इचारू नको. जिचा पेपर जाईल तिला इचार."
वैशालीला विचारलं. उद्या शेवटचा सराव पेपर, आठही जण एकदम, माझा पॅच टाकून. ऐकून घेतलं. म्हणाली, "मागच्या टायमाला बी तुमी असंच म्हनले होते."
हो म्हणालो. या वेळी बिनघोर बस म्हणत नाही, असंही म्हणालो.
तिनं दप्तराची चेन लावली, काढली, पुन्हा लावली. "येकदा पुरा नव्वद मिनिटं बसून बघायचंय मला," म्हणाली. "टाका."

२० फेब्रु., शुक्र., अभ्यासिकेतून
सकाळी आठही मशिनींवर टाकला. प्रत्येकीचा खटका दोनदा बघितला. तीनला आठही एकदम सुरू.
तीन वाजून दहा. ठीक. दोन पोरं म्हणाली पेपर हळू उघडतोय. उघडतोय ना, मी म्हणालो.
साडेतीन. काका दारात उभे आहेत, आत येत नाहीत.
तीन बेचाळीस. तीन मिनिटांत दुसरा भाग. बसवत नाही म्हणून हे लिहितोय. मेंटेनरच्या त्या दोघांपैकी एकाचा निरोप आलाय, उघडलेला नाही.
तीन चव्वेचाळीस. वैशालीचा पहिला भाग झालेला दिसतो, हात मांडीवर घेऊन बसली आहे. आत्ता तिनं मान वर केली. इन्व्हर्टरकडं बघितलं. माझ्याकडं नाही.