उकिरडावेशीचे तीन चिरे

गुरुवार, सकाळचे नऊ. चूल पेटली आहे.

आदरणीय झेल्मीराताई,

तुमची तब्येत, तुमचा गुडघा आणि ब्रनोतला तुमचा तो तिसरा मजला, तिघंही आपापल्या जागी ठीक असावेत अशी प्रार्थना करून पत्राला हात घालतो. आम्ही इकडे बरे आहोत. (बरे म्हणजे, माझा रक्तदाब कोंबडीसारखा वर-खाली उडतो, आलुबुखार यंदा झाडावरच सडले, आणि घराच्या पन्हळीत साळुंक्यांनी संसार मांडलाय. पण यातलं काहीही नवीन नाही.) तुम्ही पाठवलेली लोकरीची शाल वेळेवर पोचली. व्लास्ता ती पांघरते. कुणी पाठवली हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिने काठाची वीण उलटून पाहिली आणि बहिणीचा हात तिचा तिनेच ओळखला.

तुम्ही आमच्याकडे आलात त्याला येत्या ईस्टरला नऊ वर्षं होतील. पत्ते खेळताना व्लास्ता कपाटाच्या आरशात तुमची पानं बघते असं तुम्ही म्हणालात, आणि कोकराचं मटण तसंच टाकून दुपारच्या गाडीने निघून गेलात. त्यात कोणाचं बरोबर होतं यावर मी तेव्हा काही बोललो नाही आणि आताही बोलणार नाही. मी बेचाळीस वर्षं रेल्वेचे सांधे बदलले आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहायचं नसतं, एवढं शिक्षण मला आहे. पत्र लिहायला बसलो ते काल बुधवारी जे घडलं ते सांगण्यासाठी. पण ते नीट कळायला आधी ‘नहेम्याची तटबंदी’ हा खेळ कळायला हवा.

आमच्या चर्चला नवीन पाळकबाई आल्या आहेत. नाव ल्युबित्सा, वय एकतीस, आणि प्रवचनाच्या झग्याखाली पायात धावायचे बूट. त्यांनी आल्या आल्या असं काढलं, की म्हाताऱ्यांनी दर बुधवारी तीन वाजता चर्चच्या मागच्या खोलीत यावं, चहा प्यावा आणि एक खेळ खेळावा. खेळ त्यांनी स्वतः बनवलाय. मोठ्या पुठ्ठ्यावर बायबलातल्या नहेम्याच्या काळचं, पडझड झालेलं यरुशलेम. भोवती तटाच्या वेशी, म्हणजे मेंढवेस, मासळीवेस, उकिरडावेस, अशा. प्रत्येकाने एकेक वेस घ्यायची आणि लाकडी चिरे रचत बावन्न दिवसांत तट उभा करायचा. तोवर पत्त्यांच्या गठ्ठ्यातून सनबल्लट, तोबीया असे नहेम्याचे वैरी निघत राहतात आणि भगदाड दिसेल तिथून आत घुसतात. पाच जणांचा खेळ (सुरुवातीला बाई धरून आम्ही चौघंच होतो). पण एकमेकांविरुद्ध नाही. पाचही जण एकाच बाजूला.

इथेच पहिल्या बुधवारी गाडी अडली. आमचा गेझा वोझार तुम्हाला आठवत असेल. कस्टममधला, ज्याने स्वतःच्या लग्नात सासऱ्याची बॅग उघडून बघितली होती. त्याने नियमांचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, जिंकतो कोण. बाई म्हणाल्या, सगळे. मग हरतो कोण? तेही सगळेच. गेझाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "बाई, ही व्यवस्था आम्ही कम्युनिस्टांच्या काळात चाळीस वर्षं पाहिली. तेव्हाही सिमेंट कधी वेळेवर आलं नाही."

तरी खेळलो. गेझाने मेंढवेशीवर चिऱ्यांचे चार थर चढवले आणि उरलेले कोटाच्या खिशात दडवले. पलीकडे एतेलाबाईंची मासळीवेस (पोस्टातल्या एतेलाबाई, आता निवृत्त, पण कुणाला कुठून पत्र येतं ते अजून पाठ) सताड उघडी. सनबल्लट तिथून बैलगाडीसकट आत आला. यरुशलेम पडलं. गेझा मात्र गावभर सांगत फिरला की मी जिंकलो, माझी वेस शाबूत होती. दुसऱ्या बुधवारी एतेलाबाईंनी तोबीयाला अडवायलाच नकार दिला. पत्त्यावरचं त्याचं चित्र त्यांच्या कोण्या जुन्या पोस्टमनसारखं दिसतं म्हणे, आणि तो फार अदबशीर माणूस होता. तिसऱ्या बुधवारी माझ्या खसखशीच्या रोलचा चिकटा हाताला लागून सहा चिरे एकमेकांना जे चिकटले ते आजतागायत एकच समजले जातात.

आता तुम्ही विचाराल, यात व्लास्ता कुठे आहे. ताई, ती खिडकीत होती.

फोनवर मी तुम्हाला सांगताना जरा सावरून सांगत आलो. एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा गेली, एवढं तुम्हाला माहीत आहे. पुढचं असं, की लोक भेटायला येत आणि तिच्याशी ओरडून बोलत, जणू तिचे कानही गेलेत. नाहीतर तिच्यासमोरच मला विचारत, "जेवते का ती? झोपते का?" महिनाभर तिने हे सोसलं. मग एके दिवशी डाव्या हाताने खुर्ची ओढत नेली, खिडकीकडे तोंड केलं, आणि लोकांकडे पाठ. आमच्या दोघांची एक भाषा तयार झाली होती. टेबलावर बोटाने एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही. ऑगस्टपर्यंत एकदा ठोकल्याचा आवाज फारसा येईनासा झाला. ज्या घरात चाळीस वर्षं मला एक वाक्य पुरं करू दिलं गेलं नाही, तिथे मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बोलत होतो, आणि मला कुणी अडवत नव्हतं. ही शिक्षा कुणाला होऊ नये.

तिला बुधवारी नेलं ते खोटं बोलून. आपली चूल धूर करतेय, धुराडं साफ करणारा यायचाय, तोवर चर्चच्या खोलीत ऊब आहे, चल. (कोणी यायचा नव्हता. धूर मी ओलं लाकूड घालून केला.) तीन बुधवार ती कोपऱ्यात बसून नुसती बघत राहिली. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कांदा करपतोय आणि आपल्याला बोलायची सोय नाही, तसा चेहरा. तिच्या चौथ्या बुधवारी गेझाने पुन्हा चिरे खिशात घातले. ती उठली, टेबलाशी आली, डावा हात त्याच्या खिशात घातला आणि सातच्या सात चिरे काढून मध्ये ठेवले. मग बसली. तेव्हा एकच वेस उरली होती, जी कुणालाच नको होती. उकिरडावेस. तिने ती ओढून घेतली.

आता कालचं. आम्ही तोवर नऊ वेळा हरलो होतो, पण काल तट असा चढत होता की बाईंचे बूट टेबलाखाली नाचायला लागले. खेळातल्या बत्तिसाव्या दिवशी गेझाने पत्ता उलटला. एका हातात शस्त्र, एका हाताने काम. म्हणजे उजवा हात पाठीमागे न्यायचा आणि फक्त डाव्याने चिरे लावायचे. एतेलाबाईंनी लगेच दोन पाडले. गेझाचा डावा हात तर आयुष्यभर फक्त शिक्क्याची पेटी धरायचा, त्याला बिचाऱ्याला काही कळेना. आणि व्लास्ता, ताई, सात महिने तिने त्या एका हाताने बटणं लावली, बटाटे सोलले, मला चिमटे काढले. टक टक टक, तिचे चिरे बसत गेले.

चाळिसाव्या दिवशी दुसरा पत्ता निघाला. शत्रू जवळ आहे. रणशिंग वाजेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. जो बोलेल त्याच्या वेशीचे तीन चिरे जातील. (रणशिंग म्हणजे सायकलचा भोंगा, तो बाईंच्या हातात.) एतेलाबाईंनी "अगंबाई" म्हटलं आणि गेझाने बोट दाखवलं. तीन चिरे गेले. मग खोलीत पहिल्यांदा शांतता झाली. गेझा ट्रक थांबवल्यासारखे हात करत होता, मी सिग्नल देत होतो, कुणालाच कुणाचं काही कळत नव्हतं. तेव्हा व्लास्ताने टेबलावर ठोकलं. एकदा. आम्ही वळलो. तिने गेझाच्या चिऱ्यांकडे बोट केलं, मग मासळीवेशीकडे. गेझाने हात पुढे केला. एक टकटक, बरोबर. त्याने जास्तीचा उचलला. दोन, नको. पाच मिनिटांत सगळं टेबल तिच्या बोटावर चालायला लागलं. मुकेपणात आम्ही चौघं नवशिके होतो आणि ती सात महिने त्यात मुरलेली. ती कोण आहे, ते त्यांना काल पुन्हा दिसलं. मलाही.

एकावन्नावा दिवस. शेवटचा चिरा माझ्या हातात. सनबल्लट उकिरडावेशीपाशी टपलेला, तिथे एकच भोक. आणि मी, चहाच्या वाफेने चष्मा धुरकटलेला, चिरा घेऊन निघालो मासळीवेशीकडे. तिने दोनदा ठोकलं म्हणतात. माझं लक्ष नव्हतं. पुन्हा ठोकलं. मी पुढेच.

"गाढवा," ती म्हणाली. मग थांबली. ओठ हलले, शब्द शोधला, सापडला. "उकिरडा."

ताई, सात महिन्यांनंतर.

एतेलाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी यरुशलेमवर टपकलं. बाईंनी भोंगा उचलला होता, पण दाबायला विसरल्या. मी गेझाकडे पाहिलं, कारण नियम सगळ्यांना ठाऊक होता. हा माणूस सासऱ्यालाही सोडत नाही. गेझाने हळूच कानातलं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं, आणि खिडकीतून बाहेर अक्रोडाच्या झाडाकडे बघत बसला. म्हणजे त्याने काही ऐकलंच नाही. सगळे तयार होते. मी चिरा लावला असता, बावन्नावा दिवस उजाडला असता, आणि आम्ही पहिल्यांदा जिंकलो असतो.

व्लास्ताने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग डाव्या हाताने स्वतःच्या वेशीचा एक चिरा काढला. दुसरा काढला. तिसरा काढला. तिन्ही डब्यात टाकले आणि डब्याचं झाकण लावलं. सनबल्लट आत आला. आम्ही दहाव्यांदा हरलो. (कपाटाच्या आरशाबद्दल कुणाच्या मनात अजून काही असेल, तर मी इथे काहीही सुचवत नाहीये. मी फक्त चिरे मोजले.)

गेझाने यंत्र पुन्हा कानात घातलं आणि म्हणाला, "नियम म्हणजे नियम." मग रुमाल काढून इतका वेळ नाक शिंकरलं की भोंग्याची गरज राहिली नाही.

घरी येताना तिने माझा दंड धरला होता. गिरणीपाशी मी म्हटलं, पुन्हा म्हण ना. म्हणाली. पुलावर पुन्हा म्हणाली. फाटकाशी न सांगताच म्हणाली. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण गाढव होण्यात इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं. इतर शब्द अजून येत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई करू नका, येतील तसे घ्या. मी घेतो आहे.

असो. चुलीत लाकूड घालायला हवं (सुकं). तुम्ही यावं असं मी म्हणत नाही. बातमी कळवावी म्हणून लिहिलं.

तुमचा मेहुणा,
बोहुस्लाव

ता.क. शुक्रवार. पत्र अजून पेटीत टाकलं नाही, तेव्हा एक किरकोळ गोष्ट. एतेलाबाई येत्या आठवड्यापासून हिवाळाभर लेकीकडे कोशित्सेला जाणार आहेत. पाच जणांशिवाय तटबंदी होत नाही. बुधवारी तुम्ही दुपारच्या गाडीने पोचलात तर तीनला टेबलाशी बसाल. निव्वळ खेळाची अडचण आहे म्हणून विचारतो, दुसरं काही नाही.

ता.क. दुसरा. रविवार, चर्चहून आल्यावर. वरचा मजकूर साफ खोटा आहे. एतेलाबाई कुठेही जात नाहीत. त्यांच्या लेकीला तर, पोटची असूनही, त्या नको असतात.

खरं असं आहे. शुक्रवारी सकाळी व्लास्ता नवा शब्द म्हणाली. मी ऐकलं "जेली". आनंदाने दुकानात धावलो आणि लाल आणली. तिने दोनदा ठोकलं. दुपारी पिवळी आणली. दोनदा. शनिवारी हिरवी आणली, तेव्हा तिने चमचा भिरकावला आणि तो बुधवारचा शब्द म्हणाली. आज मात्र ती स्वतः उठली, कपाटातल्या टेबलक्लॉथच्या घडीखालून एक फोटो काढला, आणि तीन जेल्यांच्या मध्ये आणून ठेवला. तुम्ही दोघी, जत्रेत, डोक्यावर एकच टोपी ओढून घेतलेली. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "झेली." मग टेबलावर ठोकलं. एकदा.

लहानपणी ती तुम्हाला काय म्हणायची, हे मला एक्केचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

जेली मला डॉक्टरांनी मना केली आहे, आणि व्लास्ता तर तिला तोंड लावत नाही. तिन्ही डब्यांवर लिहिलंय, गुरुवारपर्यंत चांगली राहते.