दादाचा हँडब्रेक

३ मार्च

भंगारात दे म्हणे! आईनं सकाळपासून एकच धोशा लावलाय. दादाच्या खोलीतलं ते धूड—गाडीची जुनी सीट, शिवणयंत्राचं पायडल, समोर तीन स्क्रीन. घरबसल्या ग्लायडर उडवायचा सराव व्हावा म्हणून पठ्ठ्यानं दोन वर्षं खपून केलेलं. "घरात विमानतळ झाला, आता सून कुठे उतरवू?" असं आईच म्हणायची. आता त्या खोलीत पाय ठेवत नाही.

मी नाही देणार. काय करायचं ते करा.

४ मार्च

सोमवारी ग्लायडिंग क्लबात चौकशी आहे. दादाचा नव्या ग्लायडरमधला तो पहिलाच दिवस. उतरताना थांबलाच नाही, मैदान ओलांडून झाडांत घुसला. पंखांवरचे ब्रेक उघडलेच नव्हते. "त्या मेकॅनिकनं खाल्लं माझं पोर," आई म्हणते. आणि मेकॅनिककाका म्हणतात—ब्रेक ठणठणीत होते, पण चाक वर, पोटात ओढलेलं होतं! उतरताना कोण चाक वर घेईल? चोराच्या उलट्या बोंबा! त्यांची नोकरी जाईल. जाऊ दे. आईच्या वतीनं मीच बोलणार आहे.

६ मार्च

दादाच्या सीटवर बसले. उशीला अजून त्याच्या तेलाचा वास येतो. खूप रडले. मग चालू केलं. आपटलं.

७ मार्च

दिवसभर तेच. उतरायला जमतंय! मांडीशी, डाव्या हाताला, दादानं जुन्या गाडीचा हँडब्रेक बसवलाय. तो ओढला की पंखांवरचे ब्रेक उघडतात. "खरं तर वर हवा गं, पण कपाट आडवं येतं. चालतंय की!" म्हणाला होता. स्क्रीनवरच्या या जुन्या ग्लायडरचं चाक कायम बाहेर, त्यामुळे तीही कटकट नाही. आता बघावंही लागत नाही, हात आपसूक जातो.

आई आजही जेवली नाही.

८ मार्च

क्लबात गेले. काकांना तोंडावर विचारायचं होतं. अर्धे झालेत हो ते. मी वाट्टेल ते बोलले. मग दादाच्यासारखाच दुसरा ग्लायडर होता, त्याची काच त्यांनी उघडली.

"बस. उतरतेयस असं समज. ब्रेक लाव."

ओढला. मांडीशी.

"पोरी, हातात काय आहे बघ."

चाकाची दांडी! ती ओढली की चाक वर जातं. ब्रेकची निळी दांडी वीतभर वर होती. मी तिला शिवलेही नव्हते.

काका रडत होते. मला रडू येईना.

९ मार्च

चौकशीत सगळं सांगितलं. काका सुटले. आई शेजारीच बसली होती. घरी आली आणि दादाच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"कपाट हलवू का, म्हणून मागेच लागला होता गं. मीच नको म्हटलं."