पश्चिमेचा रस्ता

रविवार, ९ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार, नाहीतर आईने एव्हाना फोन करकरून माझा जीव खाल्ला असता.

तुझं पत्र काल मिळालं. 'आम्ही दोघी येतोय, बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते' हे वाचलं आणि मी गाडीच्या सीटची कव्हरं धुवायला काढली. गाडी मी रोजच धुते, धंदाच आहे तो. पण कव्हरं वर्षातून एकदा, तीही कुणी नाक मुरडलं तर. आई येणार म्हणजे नाक मुरडलं जाणारच, तेव्हा आधीच धुतलेली बरी.

आईला बोटीत चढायला तयार कसं केलंस ते भेटल्यावर सांग. दादा गेल्यापासून या बेटाचा विषय निघाला की ती ताटावरून उठते. मी त्याचं सामान आवरायला म्हणून इथे आले आणि त्याची गाडी विकायची सोडून पाहुणे फिरवायला लागले, याचा राग तिने अजून सोडलेला नाही. 'गेली आवरायला आणि बसली पसरून,' असं तू समोर असतानाच म्हणाली होती ना?

तर बेत असा. बंदर उत्तरेला आहे. तिथून घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, म्हणजे समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला राहतो आणि सकाळचं ऊन पाठीशी घातल्यासारखं पूर्व किनाऱ्यावर मिळतं. चुकले, पाठीशी नाही, तोंडावरच येतं. पण त्या उन्हात पाणी असं दिसतं की डोळे बारीक करून का होईना माणूस बघत राहतो. आई पुढे बसेल, कारण तिला गाडी लागते. तू मागे, डाव्या खिडकीशी. बारक्या खाडीवरचा पूल आला की काच खाली करायची. तिथे वारा इतका येतो की आई पदर सांभाळत मला बोल लावेल आणि मनातून खूश होईल.

दहाच्या सुमाराला माझ्या ओळखीच्या बाईच्या टपरीवर चहा. टपरीमागे स्वच्छ संडास आहे. पाहुण्यांना फिरवताना देखावे दुय्यम, संडास मुख्य, हे मी या धंद्यात शिकले. मग दीपगृह, मग दक्षिणेच्या टोकाला जेवण. भाजलेले मासे मिळतात, आईसाठी भात आणि दही मी डब्यात घेईन.

परतताना मात्र डोंगरातल्या मधल्या रस्त्याने येऊ. पश्चिमेचा रस्ता खचलाय. गेल्या पावसात दरड आली, ती अजून कुणी उचललेली नाही. शिवाय तिकडे नुसती वळणं, आईचे हाल होतील. शिवाय दुपारनंतर तिकडून सूर्य डोळ्यांवर येतो. तेव्हा पश्चिम नको.

टोपी आणा. आईला सांग, जाड चपला नकोत.

तुझी,
वन्सं


बुधवार, १९ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. खुलासा वाचला.

मी तुझं आधीचं पत्र पुन्हा काढून पाहिलं. 'दोघं' लिहिलंयस. टिंब अगदी ठसठशीत आहे, वेलांटीचा कुठे पत्ता नाही. चूक सर्वस्वी माझी. तू आणि आणखी कुणी, आणि ते आणखी कुणी म्हणजे आई नाही, असं काही माझ्या टाळक्यात आलंच नाही. एक टिंब वाचता येत नाही आणि निघाले लोकांना बेट दाखवायला!

तर ते चष्म्याच्या दुकानाचे मालक आहेत, विधुर आहेत, आणि आईचा चष्मा त्यांनीच केला. चांगलं आहे. लग्नाची नोंदणी परत गेल्यावर करणार, तेही कळलं. 'वन्सं, तुम्ही भेटून हो म्हणालात की मगच सही करीन,' असं तू लिहिलंयस. मी कोण हो म्हणणारी? मी गाडी चालवते. लोक सांगतात तिथे नेते आणि सांगतात तिथे सोडते.

बेतात थोडे बदल करावे लागतील. आईसाठी भात-दही आणणार होते, ते रद्द. पुढच्या सीटवर कोण बसणार ते तुमचं तुम्ही ठरवा. पुढे पाहुण्याने बसायची रीत आहे. तुमच्यातलं पाहुणं कोण, हे मला सांगता येणार नाही. दोघं मागे बसलात तरी हरकत नाही, माझी बरीचशी गिऱ्हाइकं तशीच बसतात. परवाच एका नव्या जोडप्याला संध्याकाळी पश्चिमेला नेलं होतं. बाई वळणावर उतरली ती परत गाडीत बसायला तयार नाही! शेवटी नवऱ्याने तिला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं.

चहा, दीपगृह, जेवण पूर्वीसारखंच. चष्मेवाल्यांना मासे चालतात का कळव. परतीचा रस्ता मधला.

आईला हे सगळं माहीत आहे का? माहीत नसेल तर तू सांगायचंस की मी, ते आधी ठरवू. म्हणजे तिला बाहेरून कळायला नको. तिच्या मुलाचा फोटो ज्या भिंतीवर आहे त्याच घरातून तू निघणार आहेस, एवढं लक्षात असू दे.

हे शेवटचं वाक्य खोडायचं होतं. पण खोडलं तर तू उजेडात धरून वाचशीलच. राहू दे.

कळावे,
गाडीवाली


शनिवार, १ मार्च

वहिनी,

पकडलंस. तुझ्या हातून काही सुटत नाही, हे मी विसरलेच होते. 'रस्ता खचलाय तर परवाची बाई वळणावर उतरली कशी? दोर लावून?' हे तुझं वाक्य वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. मग हसणं थांबलं आणि दूध उतू गेलं. तेव्हा त्या दुधाचंही पाप तुझ्यावर.

रस्ता खचलेला नाही. या बेटावरचा सगळ्यात चांगला रस्ता तोच आहे. खचेल कसा, दादाने आखलाय तो. कंत्राटदार सरळ डोंगर कापायला निघाला होता, दादाने भांडून रस्ता कडेकडेने नेला. मध्ये एक जागा अशी आहे की जमीन बैलगाडीएवढी अरुंद होते आणि दोन्ही अंगांना समुद्र. त्याच्या जरा अलीकडे त्याने गाडी थांबवायला जागा ठेवली. कागदावर ती नव्हती, साहेबांनी विचारलं तर 'दगड टाकायला लागते' म्हणून सांगितलं. इथले ड्रायव्हर अजून तिला 'इंजिनियरची जागा' म्हणतात.

ती जागा त्याने तुझ्यासाठी ठेवली होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी सुट्टीत आले होते तेव्हा त्याने मला तिथे नेलं आणि दोन मिनिटांत गाडीत बसायला लावलं. 'पुरे. तू आधी बघून घेतलंस कळलं तर ती माझं डोकं खाईल,' म्हणाला. तू आईला सोडून येऊ शकत नव्हतीस. आज ये, उद्या ये करता करता तो तापाने गेला, आणि तुला एक दिवस गाडीतून किनारा दाखवायचा राहून गेला.

म्हणून पश्चिम नको होती. आई आली असती तर तिला ती जागा बघवली नसती, असं मी मला सांगत होते. पण तुम्ही दोघं येताय कळल्यावर खरं कारण डोकं वर काढून आलंच. दादाने तुला दाखवायची म्हणून ठेवलेली जागा मी दुसऱ्या पुरुषाला दाखवायची, तीही दादाच्याच गाडीतून? माझं पेट्रोल घालून? मला राग आला, वहिनी. तुझा आला. त्या माणसाचाही आला, त्याला पाहिलेलं नसताना.

त्या रागात मी आईला फोन लावला. म्हटलं, हळूच सांगावं, बसवून सांगावं. बसवायला मी इथे आणि ती तिथे! तर ती म्हणते, 'मला माहिताय. मीच म्हटलं तिला, जा आणि त्या बयेला भेटून ये, नाहीतर ती जन्मभर तोंड फुगवून बसेल.'

मी म्हटलं, 'आई, तुला चालतं?'

'चालायला काय झालं? मला जेवायला वाढते ती, डोळ्यांत थेंब घालते ती, रात्री उठून पांघरूण घालते ती. तू काय करतेस? लोकांना समुद्र दाखवतेस.'

'आणि दादा?'

ती म्हणाली, 'तो माझा मुलगा होता. तुझ्यापेक्षा माझा जास्त होता. मी रडून घेतलंय. आता ही पोर घरात नुसती माझं म्हातारपण राखत बसली तर वर गेल्यावर त्याला तोंड कसं दाखवू?' आणि लगेच, 'चष्मा मात्र झकास केलाय हं त्याने. सुईत दोरा ओवते मी.'

मी फोन ठेवला. कुणावर चिडावं तेच कळेना. आईवर चिडायची सोय नाही, दादा कधीच सुटला, आणि तू तर पेन सहीच्या जागी धरून माझी वाट बघत बसलीस.

त्यावर तुझ्या पत्राखाली चष्मेवाल्यांच्या त्या चार ओळी. 'मला गाडी लागते. मी बंदरावरच थांबेन, पुस्तक आणलंय. आपण दोघींनी जाऊन यावं.' अक्षर असं की मुंग्यांनी रांग सोडलेली नाही. माणूस आगाऊ असता, चढेल असता, तर माझं काम किती सोपं झालं असतं! मी त्याला उन्हात बंदरावर बसवला असता आणि वर पुण्य मिळवलं असतं. हा मेला आपणहून बसतोय.

तर नवा बेत असा. गाडी लागते त्याने पुढे बसायचं असतं, हा माझ्या गाडीचा नियम आहे, आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. तेव्हा चष्मेवाले पुढे. हुंगायला लिंबू ठेवते. वळणांवर मी हळू घेईन. दक्षिणेच्या टोकाला जेवण लवकर उरकू आणि डोंगरात न शिरता पश्चिमेने परत येऊ. त्या जागेवर गाडी थांबवीन. दादाने तुला तिथे काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. तू उतर. चष्मेवाल्यांना घेऊन उतर, एकटी उतर, जसं वाटेल तसं. मी गाडीतच बसेन, मी ती जागा रोज बघते.

सहीचं म्हणशील, तर कर. मी हो म्हणते. मनापासून म्हणते का? आज नाही म्हणत, खोटं का बोलू? आज आईच्या धाकाने आणि तुझ्या जिवासाठी म्हणतेय. उरलेलं हळूहळू येईल.

आता जे लिहायचं होतं ते. आई म्हणते, आता तिला बहीण समज. मला नाही जमणार. बहीण असतीस तर लहानपणी मी तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या, मग कुठे माया लागली असती. मला बहीण नकोय. मला वहिनी होती, ती हवीय. मला भीती वाटत होती ती एवढीच. तू सही केलीस की तू कुणा दुसऱ्याच घरातली वहिनी होणार, आणि दादाचं म्हणून कुणाला हाक मारायला मला कुणी उरणार नाही. आईशी दादाबद्दल बोलता येत नाही, रडते. तुझ्याशी बोललं की तू हसतेस, आणि तो कसा घोरायचा ते सांगतेस.

बोट लागते तेव्हा बंदरावर मरणाची गर्दी असते. हमाल, सायकली, माझ्यासारख्या गाडीवाल्यांचा ओरडा. त्यात तू मला दिसशील तेव्हा मी 'वहिनी' अशीच हाक मारणार आहे, अगदी जोरात, चष्मेवाल्यांच्या देखत. दुसरं काही मला म्हणता येणार नाही.

ओ द्यायची की नाही, ते तुझ्यावर.

तुझ्या नवऱ्याची बहीण